शालनबाईंच्या नावाच्या एकोणीस बाटल्या

प्रति,
मे. मुख्य वैद्यकीय अधिकारी साहेब,
श्रमिक आरोग्य दवाखाना, भोसरी रस्ता, कासारवाडी.

अर्जदार : ज्योतीराम आबाजी नखाते, राहणार काळेवाडी, ता. हवेली, जि. पुणे.
लिहून देणार : मारुतराव, पेन्शनर शाळामास्तर, कासारवाडी.

विषय : मयत पत्नीच्या नावावरील उरलेली क्षयाची औषधे दुसऱ्या रोग्यास देण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या खिडकीवर दिलेले दोन अर्ज, ता. २२ फेब्रुवारी व ता. ४ मार्च. दोन्हींचे लेखी उत्तर नाही.

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नाही आणि गेला महिनाभर नीट बोलताही येत नाही, म्हणून हा अर्ज मी लिहून देत आहे. शब्द कुठे कडक वाटले तर दोष माझा. माझी तीस वर्षे पोरांना दटावण्यात गेली.

अर्जदाराची पत्नी शालनबाई आपल्या दवाखान्याची रोगी होती. तिला चालवत नसे, त्यामुळे महिन्याच्या सुया एकदम घरी मिळत व नर्स दुर्गाबाई त्या टोचून जात. ता. ९ फेब्रुवारी रोजी शालनबाई वारली. मागे राहिल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या न फोडलेल्या एकोणीस बाटल्या, काचेची पिचकारी, शेकायची रबरी पिशवी आणि पाठ टेकायची लाकडी चौकट. चौकट व पिशवी दवाखान्याने खुशाल ठेवून घ्यावी. बाटल्यांची मुदत मात्र एप्रिलअखेर संपते.

अर्जदाराच्या गोठ्यामागच्या खोलीत सोजराबाई राहते. नवरा बार्शीकडचा, कारखान्याच्या बांधकामावर आहे. तिलाही हाच आजार, आणि पदरी दीड वर्षाची मुलगी. आपल्या यादीत तिचा नंबर पावसाळ्यानंतर लागेल असे सांगण्यात आले आहे. तोवर ती टिकेल असे तिचा खोकला ऐकून मला वाटत नाही, आणि दुर्गाबाईंनाही वाटत नाही. शालनबाईने जाण्याच्या आदल्या दिवशी नवऱ्यास सांगितले, “माझ्या वाटच्या सुया सोजरीला द्या. मला आता न्हाई लागायच्या.” हयातभर बायकोचे फारसे ऐकले नाही, असे अर्जदार स्वतःच म्हणतो. एवढे तरी ऐकावे अशी त्याची इच्छा आहे.

दुर्गाबाई कार्डाशिवाय सुई लावत नाहीत, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. म्हणून तेरावे उरकून दुसऱ्याच दिवशी अर्जदार सगळे सामान डोक्यावर घेऊन आपल्या खिडकीशी आला. कारकुनांनी कार्ड मागितले. कार्ड शालनबाई उशीच्या अभ्र्यात, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवी. दहाव्याला रिवाजाप्रमाणे मयताचे अंथरूण नदीत सोडतात. थोरल्या चुलती आक्काबाई यांनी वाकळ व उशी गुंडाळून दिली आणि अर्जदाराने ती पवनेत सोडली. अभ्रा चाचपावा हे कोणाच्या डोक्यात आले नाही. चूक झाली, हे त्यास मान्य आहे.

मग दुबार कार्ड मागितले. त्यासाठी रोग्याने स्वतः हजर राहून अंगठा द्यावा लागतो, असे कळले. रोगी वारला आहे म्हटल्यावर तसा दाखला आणा म्हणाले. पोलीस पाटलांकडून दाखला आणला. तो पाहून कारकुनांनी शालनबाईचे नाव रजिस्टरातून कमी केले आणि सांगितले की, आता हे नावच नाही, तेव्हा या नावाच्या बाटल्या जमाही होत नाहीत व कोणास देताही येत नाहीत. नाव चालू असते तर रोगी हजर करून दुबार कार्ड मिळाले असते. अर्जदार “व्हय साहेब” म्हणाला आणि सामान पुन्हा डोक्यावर घेऊन नदी ओलांडून घरी गेला. हल्ली तो सगळ्यांनाच व्हय म्हणतो. जेवलास का विचारले तरी व्हय म्हणतो, आणि चूल गार असते.

सबब विनंती अशी की, शालनबाई ज्योतीराम नखाते हे नाव रजिस्टरात पुन्हा चढवावे व एप्रिलअखेरपर्यंत तिला हयात धरावे. दुबार कार्डासाठी सोजराबाई हजर होईल आणि त्या नावाने अंगठा देईल. तिला मी स्वतः विचारले. ती म्हणाली, “त्यांच्या नावानं व्हय म्हणीन, मास्तर. पोरगी चालाया लागंस्तोवर कुनाच्याबी नावानं म्हणीन.” यात दवाखान्यास फसविण्याचा हेतू नाही, कारण आम्ही ते अगोदर लेखी कळवीत आहोत. आपणास यापेक्षा सरळ मार्ग सापडल्यास मला आनंदच होईल. मला सापडला नाही.

अर्ज वाचून दाखविल्यावर अर्जदाराने आणखी एक गोष्ट घालण्यास सांगितले. सोजराबाईचा नवरा पाळीवर असतो, तेव्हा तिला दवाखान्यात आणणे-नेणे अर्जदारच करील व बाहेर लिंबाखाली बसेल. कंपाउंडर खिडकीतून नावे मोठ्याने पुकारतात. ‘शालन ज्योतीराम’ हे नाव तेवढे हळू पुकारावे, लिंबापर्यंत ऐकू जाऊ नये. नाहीतर, तो म्हणतो, “मी उठून बघंन, साहेब. कोन हाय म्हनून.”

मुदत जवळ आली आहे, एवढे ध्यानी घेऊन निर्णय व्हावा.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
ज्योतीराम आबाजी नखाते
(डाव्या अंगठ्याची निशाणी)
ता. ११ मार्च १९५७

सोबत : शालनबाई वारल्याचा दाखला, नक्कल एक.