रंगवलेला गंज

कांचघर, जबलपूर
ता. ९ ऑक्टोबर २००३

चि. हेमचंद्र आणि सौ. मनीषा,

दोघांना आईचा जय भीम आणि आशीर्वाद. इथे सगळं ठीक. बाबांचं ब्लडप्रेशर काबूत आहे, हात तसाच कापतो. शेजारच्या पार्वताबाईच्या नातीचं लग्न कुंडमला ठरलं. झाली खुशाली. आता बस आणि नीट वाच, कारण मी रागात लिहून राहिली आहे.

बाबांच्या वाढदिवसाला तू त्यांचीच प्लॅस्टिकची तोफ नव्यानं रंगवून घेऊन पाठवली. तिच्यावर गंज काहून रंगवला?

अरे, कोणाच्या घरी पाठवून राहिलो, एवढा तरी विचार करायचा. तुझ्या बापानं चौतीस वर्षं तोफांच्या कारखान्यात रंगकाम केलं. मोहरीएवढा गंज दिसला तर अख्खी नळी घासून पुन्हा अस्तर मारायचे. घरी बादलीच्या कडीलाही गंज धरू दिला नाही त्यांनी. आणि त्या माणसाला वाढदिवसाला गंजकी तोफ. चाकांना चिखल, नळीवर ओरखडे, वर तुझं कौतुक की लढाईवरून आल्यासारखी दिसते. लढाईवर तरी कोणी तोफ अशी ठेवतं का?

फोनवर ते तुला "बहुत बढ़िया, बेटा" म्हणाले, ते तू खरं मानलंस. फोन ठेवला आणि रॉकेलचा बोळा घेऊन बसले. त्यांना वाटलं, वाटेत खोक्यात ओल शिरली. प्लॅस्टिकला गंज धरत नाही हे त्यांना माहीत नाही का? पण गंज दिसला की त्यांचा हात थांबत नाही. दोन दिवस घासत होते. बोळा घसरायचा, पुन्हा लावायचे. शेवटी मी तुला फोन केला, तर तू हसत सांगितलंस की पुण्यातल्या ज्या शौकीन माणसाकडून रंगवून घेतली त्यानं तो गंज मुद्दाम रंगवला आहे, वरून वार्निश मारलं आहे, जाणार नाही.

मी त्यांना तसं सांगितलं. "मुद्दाम?" एवढंच म्हणाले. मग नळी बोटानं मागे ढकलून पाहिली. ती सरकायची, तुला आठवत असेल. जो भाग सरकतो त्याला रंग लावायचा नसतो, ग्रीस लावायचं असतं. तुझ्या शौकिनानं तिथेही रंग भरला. "ये तो जाम कर दी," म्हणाले आणि तोफ खाली ठेवली.

तू म्हणशील, आई, तोफ तर तूच दिली होती. हो, दिली होती. तेही लिहिते.

रिटायर झाले तेव्हा कारखान्याच्या साहेबांनी दिलेली ती तोफ ते यंदा चौथ्यांदा रंगवत होते. एका चाकाला महिना लागला. रेघ वाकडी गेली की पुसायचे आणि पुन्हा सुरू. चादरीवर हिरवा रंग, चहाच्या कपात ब्रश. वासानं माझं डोकं दुखायचं म्हणून मी कटकट करायची. पण वासाचं काही नव्हतं रे. तो हात मला बघवत नव्हता.

जुलैत तू आलास तेव्हा ते दवाखान्यात गेले होते. मी कपाटातून तोफ काढून तुझ्या पिशवीत घातली आणि म्हटलं, कोणाकडून तरी चांगली करून आण. ते परत आल्यावर सांगितलं, हेमूला फार आवडली, म्हणून मागून नेली.

इतके खूश झाले होते. दोन महिने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, माझ्या हातची तोफ पोरानं पुण्याच्या घरात ठेवली आहे. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. मी ऐकत राहिली.

आता ती अशी परत आल्यावर त्यांना काय वाटलं असेल? आठ दिवस तुझं नाव घेतलं नाही. काल जेवताना म्हणाले, "पोराला आवडली नव्हती, तर तसं सांगायचं होतं." तेव्हा मला राहवलं नाही. खरं काय ते सगळं सांगितलं.

घास खाली ठेवून म्हणाले, "अच्छा. म्हणजे तुला आवडली नव्हती."

त्यांनी ब्रश धुतले, कागदात बांधले आणि मला म्हणाले, हे कोणाला तरी देऊन टाक. ते पुडकं माझ्यासमोर पडलं आहे.

हेमू, पुन्हा रंगवून काही पाठवू नको. स्वतः ये, तशीच एक कोरी तोफ घेऊन ये आणि त्यांना रंगवायला सांग. मी सांगून ते आता ऐकणार नाहीत.

आपल्या घरच्या पत्राखाली आजवर दोघांच्या सह्या असायच्या. या पत्रावर सही करा, असं मी त्यांना म्हटलं नाही.

तुझी,
एकटी सही करणारी आई
मालन