वद्य पंचमीपर्यंत

आषाढ शु. १०, शके १८५५. लष्कर.

सकाळी पुन्हा जातं. दळायला काही उरलं नव्हतं, तर कालचंच पीठ परत घातलं. सासूबाई समोर पाट टाकून बसलेल्या. "जोर लाव जरा, त्यानंच बाळ खाली सरकतं." मग माडीचा जिना वर-खाली, वर-खाली. समोरच्या घरातल्या बायका खिडकीतून तमाशा बघतात.

रामकली सुईण म्हणते, नववा भरत आला. सासूबाईंना आता एक दिवस धीर नाही. मागच्या खेपेला दिवस उलटून गेले नि मुलगा पोटातच गेला. त्याला नाव ठेवलं नव्हतं, म्हणून घरात त्याला 'मागची खेप' म्हणतात. मला तो शब्द ऐकवत नाही.

शु. १२

तूप घातलेलं कढत दूध, दोनदा. बाळ डाव्या बाजूनं लाथा मारतं. त्यालाही तूप आवडत नसावं.

पोट अजून वरच वाटतं. बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "मागच्या खेपेलाही तू हेच म्हणाली होतीस."

तेव्हाची मोजदाद त्यांनी ठेवली होती. ती लाभली नाही, म्हणून या वेळी हातच लावला नाही. 'कार्तिक वद्य पंचमीला दूर बसली होती' एवढं रामकलीला सांगितलं आणि महिने मोजायचं काम तिच्या गळ्यात घातलं. मलाही मोजायची बंदी, दृष्ट लागते म्हणे. डोहाळजेवणसुद्धा त्याच धाकानं केलं नाही.

हे शिवपुरीला, दरबारच्या कामावर. पुरुषांचं बरं असतं.

शु. १४

आज कुलपं. बाळाची वाट मोकळी व्हावी म्हणून घरातली सगळी उघडली. कोठी, ट्रंका, देवाच्या दागिन्यांची पेटी. माझे केस सोडले, पोलक्याची गाठसुद्धा सोडली. रामकली घरभर फिरून बघत होती, "गाँठ एक न रहे, बहूजी." चोर आला तर आयती सोय.

हसू आलं आणि लगेच रडू आलं. हल्ली असंच होतं.

पौर्णिमा

सकाळी एरंडेल, गरम दुधातून. वाटीभर. नाक दाबून प्यायले. दुपारभर ओकाऱ्या, जुलाब. उभं राहवेना. दिवेलागणीच्या सुमारास कंबरेतून पहिली कळ.

सासूबाईंच्या तोंडावर किती महिन्यांनी हसू पाहिलं. देवापुढे साखर ठेवली त्यांनी.

वद्य १

लिहिते, नाहीतर वेड लागेल.

कळा येतात, थांबतात. सकाळी रामकली भिजत आली. पदर पिळता पिळता म्हणाली, "सावन लग गया, बहूजी. झूले पड़ गए." सासूबाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "तुम्हारा लगा होगा. आमच्या श्रावणाला अजून पंधरवडा आहे." दरवर्षीचंच बोलणं. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. जन्माष्टमीला आमचा श्रावण तर त्यांचा भादों. आमच्या या लष्कर गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

पण या वेळी मी विचारलं, "रामकली, कातिक की पंचमी तुमने कौन-सी गिनी?"

"अँधेरे पाख की. करवा चौथ के अगले दिन."

म्हणजे वद्य पंचमीच, पण त्यांच्या कार्तिकातली. करवा चौथ दिवाळीच्या आधी. मी दूर बसले ती तुळशीचं लग्न लावून, त्रिपुरी पौर्णिमाही झाल्यावर. पुरता एक महिना मागाहून. म्हणजे नववा नाहीच. हा आठवा चालू आहे.

सासूबाई खाली बसल्या. "सातव्यातलं जगतं. आठव्यातलं..." पुढचं त्यांनी गिळलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

रामकली म्हणाली, "माँजी, जो तिथि आपने बताई, वही गिनी मैंने." खरं आहे. सासूबाईंनी सांगितली तीच तिनं मोजली. मग राग कुणावर काढू? पण राग येतोय, फार येतोय. वाटी मीच तोंडाला लावली होती.

वद्य २

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. टांग्यात घालून न्यायची सोय नाही, धक्के बसतील. अजिबात हलायचं नाही. खाटेच्या पायांखाली विटा, पाय उंच. एरंडेलाचं ऐकून त्यांनी सासूबाईंकडे नुसतं पाहिलं. औषध दिलं. "बघू," म्हणाल्या.

त्या गेल्यावर सासूबाईंनी घरातली कुलपं परत लावली. एकेक ओढून बघत होत्या. कोठीची किल्ली सापडेना, तर कडीला सुतळी बांधली, गाठीवर गाठ. मग माझे केस बांधले, इतके आवळून की डोळ्यांत पाणी आलं. मी 'सैल करा' म्हटलं नाही.

ज्या जिन्यावरून मला चढवलं-उतरवलं, त्यावरून आता कुणी पाय वाजवत नाही.

वद्य ४

आडवी पडून पेन्सिलीनं लिहितेय. काल कळा विरळ झाल्या. लाथा मंदावल्यात, पण आहेत.

रामकली दोन दिवस ओट्यावर बसून आहे. तिला आत कुणी बोलावत नाही, जा असंही म्हणत नाही. मघाशी मीच चहा पाठवला.

उद्या पंचमी. उद्या नववा लागेल. डॉक्टरीणबाई म्हणतात एका दिवसानं काही होत नसतं. सासूबाईंचा मात्र सगळा जीव त्या तिथीत अडकलाय, आणि खरं सांगायचं तर माझाही.

दुपारी त्या माझ्या पोटाशी वाकल्या. जे पोर बाहेर यावं म्हणून इतके दिवस मला दळायला बसवलं, त्याला म्हणाल्या, "थांब रे राजा. घाई आमचीच होती." मग तिथेच खाटेच्या कडेला डोकं टेकून झोपल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा.

आत्ता एक कळ आली. मघाच्यापेक्षा मोठी. त्यांना उठवलेलं नाही अजून.