चौसष्ट चित्रे आणि एक चरवी

रविवार, १४ जानेवारी २००१. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रोज लिहायचे, खरे लिहायचे आणि शुद्ध लिहायचे. घरात आमची तांड्याची बोली चालते, ती इथे नको.
टपालाने कराटेचे पुस्तक आले त्याला आज चाळीस दिवस झाले. एकूण चित्रे चौसष्ट. अठ्ठेचाळीस पाठ. शेवटची सोळा पाने पोस्टात भिजून एकमेकांना चिकटली आहेत. बहुधा उजळणीची असावीत.

शुक्रवार, १९ जानेवारी
पुसेगावच्या बाजारात तिथल्याच आश्रमशाळेचे मुख्याध्यापक देविदास सर भेटले. शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवणारा माणूस हवा आहे. दहावी नापास चालेल का, विचारले. म्हणाले, कागद राहू द्या, हात चालतो का ते बघू. होळीला तुमच्या तांड्यावर जेवायला येणारच आहे, तेव्हा काय ते दाखवा.
दहावीत दोनदा राहिलो. दोन्ही वेळा गणिताने दगा दिला. तेव्हापासून तांड्यात माझी ओळख ‘रिकामा रणजीत’ अशी आहे. ही नोकरी मिळालीच पाहिजे. दुसरी कोणी देणार नाही.
आईला सांगितले नाही. निताला सांगितले. निता म्हणजे माझी बायको. मागच्या मे महिन्यात लग्न झाले. स्वभावाने शांत आहे. ऐकून घेते.

मंगळवार, २३ जानेवारी
काय दाखवायचे ते ठरले. चरवी.
आमच्यात पहाटे होळी पेटवली की दिवसा मैदानात दोन खुंट ठोकतात आणि गोड पुऱ्यांनी भरलेली पितळी चरवी दोराने त्यांना बांधतात. बाया काठ्या घेऊन भोवती उभ्या राहतात. पुरुषांनी चरवी पळवायची. सात वर्षांत एकाही पुरुषाला ती मिळालेली नाही. कारण माझी चुलती जिवनकाकी. वय एकसष्ट. तिचे आजोबा धान्य वाहणाऱ्या बैलांबरोबर लाठी घेऊन हिंडायचे. लाठी त्यांनी तिच्या बापाला शिकवली, बापाने तिला. लोक म्हणतात, काकीची काठी दिसत नाही, नुसती लागते.
पूर्ण आदर ठेवून लिहितो, समोरचे लोक अशिक्षित आणि प्यालेले असतात म्हणून लागते. मी दोन्ही नाही. शिवाय काकीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.
संध्याकाळी तांड्याचा प्रमुख थावरा नायकाच्या ओट्यावर सर्वांसमोर जाहीर केले. हातात काठी न घेता, अंगाला एकही काठी न लागू देता चरवी आणीन. नायकाने तोंडातली विडी काढली. म्हणाला, लेका, पिऊन आलास का? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मंग तर जास्तच काळजीची बात हाय.
काकी शेरडं घेऊन चालली होती. थांबली. म्हणाली, पोरा, हाड मोडलं तर इलाज गावठी करायचा का हिंगोलीचा? आताच सांगून ठेव.
यावर चांगले उत्तर सुचले, पण घरी आल्यावर.

रविवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ८.००
काकीचे निरीक्षण केले. तिने कुत्र्यावर काठी उगारली. उगारण्यापासून खाली येईपर्यंत दोन सेकंद (घड्याळ लावून). कुत्रे निसटले. माझी लाथ एका सेकंदात होते. हिशोब सरळ आहे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
निताला कराटेत फार रस निर्माण झाला आहे. रोज दिवे लागायच्या वेळी पुस्तक मांडीवर घेऊन बसते आणि मला चित्रे करायला लावते. आज चित्र २३ (बाजूची लाथ) चार वेळा करायला लावले. विचारले, पाय वर गेला की दुसऱ्या पायावर किती वेळ उभं राहाता? मी मोजून दाखवले. तीनपर्यंत. म्हणाली, तीन म्हंजे लई झालं. कौतुकाने म्हणाली.
तिच्या तळहातांना फोड आले आहेत. पऱ्हाट्या उपटून आले असावेत. आमच्या पऱ्हाट्या संक्रांतीआधीच निघाल्या, पण ती दुसऱ्यांकडे मदतीला जात असेल. खोबरेल लावून दिले.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
संध्याकाळी तांड्यामागून ठक ठक आवाज येतो. सोबत बायांच्या लेंग्या, म्हणजे होळीची गाणी. तिकडे पुरुषांनी जायचे नसते. फुलसिंग म्हणाला, तूर झोडून राहिल्या. इतक्या उशिरापर्यंत काम! आपल्या समाजातील स्त्रियांच्या कष्टांची नोंद कोणी घेत नाही. मी घेतली.
फुलसिंग माझा पहिला विद्यार्थी. इतर पाच जण गुडघे वाकवून उभे राहायला कंटाळून सोडून गेले, त्यामुळे तो एकमेव विद्यार्थीही आहे. योजना अशी (डावे-उजवे काकीचे): फुलसिंगने उजवीकडून आरडाओरडा करत धावायचे. बाया तिकडे वळल्या की मी डावीकडून, काकीच्या मोतीबिंदूच्या बाजूने, आत शिरायचे. नकाशा काढला. फुलसिंगला शपथ घातली. योजना फक्त तिघांना माहीत आहे. मी, फुलसिंग, निता.

शनिवार, २४ फेब्रुवारी
निताच्या मनगटावर काळानिळा वळ. दोन बांगड्या फुटलेल्या. म्हणाली, विहिरीवर पाय घसरला. आपल्याकडे विहीर नाही, हापसा आहे. चौकशी करणार होतो, पण सरावाची वेळ झाली.

मंगळवार, ६ मार्च
पांढरा ड्रेस शिवून आला. पट्टा हळदीत बुडवून पिवळा केला. आई म्हणाली, हळदीचा रंग उतरंल. मी म्हणालो, पट्टा उतरेपर्यंत काम झालेले असेल. अंगणात मडके बांधून रंगीत तालीम केली. मडके फुटले. निता म्हणाली, चरवी पितळंची हाय. ही गोष्ट मी गृहीत धरलेली आहे.

शुक्रवार, ९ मार्च. सायंकाळी ५.३०
सर उद्या नऊ वाजता येणार. नायकाकडे निरोप आला.
निता आता जवळ येऊन म्हणाली, उद्या नका जाऊ. ताप आला म्हणा, मी सांगते बायांना. मी तिला समजावले की काठी लागण्याचा प्रश्नच येत नाही. ती मग म्हणाली, मंग डावीकडून तरी येऊ नका.
काकीच्या अधू डोळ्याचा फायदा घेऊ नये, असे तिला वाटते. मन फार कोवळे आहे तिचे. डावीकडूनच जाणार.

शनिवार, १० मार्च. दुपारी २.००
डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराबद्दल क्षमस्व.
घडले ते क्रमाने. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी शिट्टी झाली. सर नायकाशेजारी खुर्चीवर. ठरल्याप्रमाणे मी ओरडलो, फुलसिंग, चल! फुलसिंग उजवीकडे धावला नाही. फुलसिंग खाली बसला. बसला तो बसलाच.
मी एकटा डावीकडून गेलो. वाटेत एकच बाई, डोक्यावरचा पदर तोंडावर ओढलेला, साडी खोचलेली. चित्र २३ घेतले. पाय वर गेला. मनात एक म्हटले, दोन म्हटले. दोनलाच खालच्या पायाच्या घोट्यावर काठी बसली. ती दिसली नाही.
पडताना पदराआडचे तोंड दिसले. निता.
उठलो तर गुडघा. वळलो तर पाठ. हात मध्ये घातला तर मनगट. काकी चरवीजवळून हललीसुद्धा नाही. काठीवर हनुवटी टेकून उभी होती. तिथूनच सांगत होती, निते, डोस्क्यावर न्हाई, सर बसलेत. खांदा, खांदा! कोपर वर घे! आता पोटरी. हां, बराबर. सातपर्यंत मोजले. पुढचे मोजायचे राहिले.
हळद साऱ्या ड्रेसवर उतरली. कोणी तरी ओरडले, नवरदेव, हळद लागली का? सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोणासाठी, ते मी होतो तिथून कळत नव्हते.

रविवार, ११ मार्च
विश्वासघातांची नोंद.
फुलसिंग. त्याला जाब विचारला. म्हणाला, दादा, उजवीकडं माझी बायको उभी होती. घरी ऱ्हायचंय मला.
पुस्तक. चिकटलेली पाने चहाच्या वाफेवर धरून सोडवली. सोळाही चित्रांना मिळून एकच मथळा आहे, ‘मार कसा चुकवावा’.
निता. मिठाच्या पुरचुंडीने गुडघा शेकत होती. मी विचारले, महिनाभर माझ्याकडून सगळी चित्रे करून घेतलीस, योजना ऐकून घेतलीस. काहून असं केलंस? (इथे बोली आली. राहू दे.) ती म्हणाली, तुमी मला कव्हा इचारलं, मी कुठं उभी राहाणार हाय म्हून? रोज तुमीच बोलत होता. मी म्हणालो, नवऱ्यावर काठी ढिली धरता आली असती. म्हणाली, माझी या तांड्यातली पहिली होळी. ढिली धरली असती तर बाया जलमभर बोलल्या असत्या. अन् काकीनं शिकवलेली काठी ढिली धरता येत न्हाई, हातच तसा बसतो. डावीकडून येऊ नका म्हणलं होतं ना तुमाला?
तसे ती म्हणाली होती हे खरे आहे. नियमाप्रमाणे लिहून ठेवतो. दगा तो दगाच.
मग तिने दुसरा गुडघा शेकला.

गुरुवार, १५ मार्च. दुपारी १२.३०
सर घरी आले! ड्रेस धुऊन ठेवला होता तो घातला. पट्टा नाही. सर म्हणाले, त्या दिवशी जे पाहिलं ते अप्रतिम. अशाच माणसाची शाळेला गरज आहे. इतका मार खाऊनही मी पुन्हा पुन्हा उठत होतो, हे त्यांच्या लक्षात आले असणार. मी म्हणालो, सोमवारपासून रुजू होऊ शकतो. सर म्हणाले, तुम्ही नव्हे हो. काकी.
काकीला बोलावले. ती म्हणाली, सर, मी शेरडं कुणावर सोडू? निताला न्या. दीड महिन्यात तयार झालेली पोरगी हाय, अन् परीक्षा तर तुमच्या म्होरंच झाली. पेपर बी चांगला लांबरुंद होता. यावर आईसुद्धा हसली. माझी आई.
सरांनी मला विचारले, तुमची परवानगी आहे ना? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, विचार करून कळवतो. तेवढ्यात निता हो म्हणाली.

सोमवार, १९ मार्च
निताचा पहिला दिवस. चार किलोमीटर तिला सायकलच्या मागच्या सीटवर बसवून नेले. गुडघा अजून दुखतो.
फाटकावर शिपायाने विचारले, तुमी कोण? मी सांगू लागलो की मीही याच क्षेत्रातला. निता म्हणाली, आमच्या घरचे हायत. शिपाई म्हणाला, पालकांनी लिंबाखाली बसायचं. लिंबाखाली बसलो. शेजारी एका मुलीचे आजोबा होते. त्यांनी विचारले, तुमचं लेकरू कितवीला?
मैदानात चाळीस मुली. निताने एकदा काठी फिरवली आणि सगळा कलकलाट थांबला. तिचा आवाज इतका मोठा आहे, हे मला आजच कळले.
सुटल्यावर मी सायकल काढली तर ती म्हणाली, उद्यापासून तुमी नका येऊ, तकलीफ होते तुमाला. सायकल तेवढी ठेवा. मी विचारले, कशाला? म्हणाली, मला येते. माहेरी सातवीपर्यंत सायकलवरच शाळेत जात होते.
आणि हँडल धरून बसली. माझा गुडघा पाहून म्हणाली, बसा मागं.
दहा महिने झाले लग्नाला. पत्रिका पाहिली, गोत्र पाहिले, उंची विचारली. सायकल येते हे एकाही माणसाने सांगितले नाही. पुसेगावपासून तांड्यापर्यंत मागे बसून आलो. चालवते मात्र बरी.