मागुराच्या कल्ल्यातला पाहुणा

३ मार्च, सकाळ
चौथीच्या वर्गात कविता म्हणताना आम्ही बाकांवर बोटांनी ठेका धरायचो. टक टक, टकाटक. आज मायक्रोस्कोपचं चाक फिरवताना तोच ठेका कानात घुमला, आणि त्याच तालात तो दिसला! शेजारच्या वहिनींनी त्यांच्या हौदातला मिशाळ मागूर मासा दिला होता. त्याच्या कल्ल्याच्या स्लाइडवर पारदर्शक, दोन शेपट्यांचा परजीवी. कुठल्याही पुस्तकात नाही. (माझ्याकडच्या दोन्ही पुस्तकांत नाही.) रिटायर होईपर्यंत पोरांना बेडूकच शिकवला. नवा जीव आज भेटला.
संकल्प: रोज एक स्लाइड, एक रेखाचित्र. महिन्याभरात पेपर.

४ मार्च
रेखाचित्र नाही झालं. काढायला गेलो की बाजूला सरकतो. लाजाळू आहे.
बायकोचं नाव द्यावं म्हटलं. म्हणाली, उभा जन्म तुमच्या घरात काढला, आता किड्याला माझं नाव द्या, तेवढंच राहिलं होतं.
तपासून उरलेला मासा तिने तळला. मी दोन तुकडे जास्तच खाल्ले.

७ मार्च
वहिनींना कुंपणावरून सांगितलं. चेहरा उतरला त्यांचा. यजमान अंथरुणाला खिळलेले, घर त्या हौदावरच चालतं, आणि मागूर नेमके आता विकायला आलेत. विचारलं, सर, माणसाला बाधतं का हो? म्हणालो, संशोधन चालू आहे. खरं तर सांगायला हवं होतं की मी खाल्ला आणि ठणठणीत आहे. पण मग शोधाची शान काय राहिली?
न्हाव्याला सांगितलं. फक्त त्यालाच. गुपित म्हणून.

१२ मार्च
न्हाव्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाजारभर झालंय. वहिनींकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. हौदाकडची खिडकी बंद ठेवतो. वाऱ्यामुळे.
वारा नव्हता.
कविता मात्र साधली:
मिशाळ मागुरा, सांग रे सोयऱ्या,
कल्ल्यात कोण तुझ्या राहतो?
दोन शेपट्यांचा, काचेच्या अंगाचा,
मजकडे वाकून पाहतो!
पेपर उद्यापासून.

१५ मार्च, दुपार
नळाच्या पाण्यातही तोच. कोऱ्या स्लाइडवरही तोच. प्रसार भयंकर वेगाने होतोय.
संध्याकाळ: न्हाणीघराच्या पांढऱ्या भिंतीवर दिसला. मायक्रोस्कोपशिवाय! बराच वाढलाय. बायकोला दाखवला. तिला भिंत दिसली. म्हणाली, भिंत मी कालच धुतलीय, तुम्ही डोळे दाखवून या.

१६ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आजोबा, वय झालं की डोळ्यातल्या जेलीत गुठळ्या होतात. त्यांची सावली तरंगते, नजर वळवली की पळते. अपाय काही नाही, उगीच घाबरलात. घाबरलो खरा. पण डोळ्यांसाठी नाही.
म्हणजे मासे चांगले. हौद चांगला.
थेट वहिनींकडे गेलो. हौदाशी बसून खाद्य टाकत होत्या. मासे विकले जात नाहीत, पण खायचे थोडेच थांबतात? लगबगीने उठल्या, म्हणाल्या, सर, औषध सापडलं का? म्हणालो, जवळ आलोय.
आणि घरी आलो.

१७ मार्च
वाटलं, आधी न्हाव्याला सांगावं, बातमी आपोआप फिरेल. दुकान बंद. नेमकं आजच.
मग माफीची कविता करायला बसलो. कवितेत माणूस खोटं बोलत नाही. ‘चूक’ला यमक ‘भूक’ आलं. कागद फाडला.

१८ मार्च, सकाळ
आज नक्की. सदरा चढवला, चपला घातल्या, वाक्य पाठ केलं. तेवढ्यात कडी वाजली. वहिनीच असणार. पुन्हा धीर सुटायला नको म्हणून दार उघडताच डोळे मिटून म्हणून टाकलं, तुमचे मासे अगदी निरोगी आहेत, मनात काही शंका ठेवू नका.
डोळे उघडले. समोर बाजारातला दुसरा मासेवाला. आजवर याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. हातातल्या पिशवीत दोन जिवंत मागूर उड्या मारत होते. म्हणाला, वा सर, न तपासताच ओळखलंत! तुमच्या कृपेने वहिनींचं सगळं गिऱ्हाईक माझ्याकडे आलंय, म्हटलं सरांचं तोंड गोड नाही तर तिखट तरी करावं. आता एवढं एकच करा, आत्ता बोललात ते बाजारात येऊन जरा मोठ्याने बोला.
मोठ्याने तर मी आत्ताच बोललो होतो. कुंपणापाशी खाद्याची बादली घेऊन वहिनी उभ्या होत्या. पिशवी तोवर माझ्या हातात आली होती.