कमरेमागचा हात

हिकरी बेंड, अलाबामा
ईस्टरनंतरचा मंगळवार

लाडके व्हर्नी,

देवाच्या दयेनं आम्ही सगळे सुखरूप आहोत, तूही असशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. डेट्रॉइटला गेल्यापासून तुझी जीभ फारच भरधाव सुटलीय.

पीकानच्या झाडाला पालवी आलीय. कोलार्डची भाजी इतकी झालीय की मला पिशवी घेऊन येताना बघितलं की शेजारी दार लावून घेतात. तुझ्या लग्नाची बातमी चर्चमध्ये सांगितली, तर आपल्या चर्चच्या वडीलधाऱ्या मदर ल्युटिशा मोठ्यानं म्हणाल्या, "पंचेचाळिशीत का होईना, पोरीला कुणीतरी पसंत पडला!" सगळं चर्च हसलं.

बाबांच्या जागी मी तुला हात धरून वेदीपर्यंत नेणार ना, असं तू विचारलंस. उत्तराला उशीर केला. पाठीचं ऑपरेशन झाल्याचं तुला कळवलं होतं, त्याआधीचं नाही.

लाकडाच्या मिलमध्ये माझी आणि माझ्या जोडीला काम करणाऱ्या वेडची पाठ एकाच हिवाळ्यात गेली. दुखणं सारखंच, कमरेपासून टाचेपर्यंत. वेड गोरा आहे, पण माणूस सोन्यासारखा. मी मिलच्या कपड्यांतच दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरनं माझ्या काळ्या तोंडाकडे असं बघितलं, जणू मी नशेच्या गोळ्या मागायला आलोय. मग आईनं शिकवलं होतं तसं केलं. कोट, टाय, बुटांना पॉलिश.

"वा, तुम्ही तर छान दिसताय! कसं आहे?" डॉक्टर म्हणाला.

आपण म्हणतो तेच मी म्हणालो, "देवाची कृपा आहे." मला घरी पाठवलं.

वेड ऑपरेशन होऊन कामावर परतला, तेव्हा डबा खाताना त्यानं विचारलं, "तुझ्या पाठीच्या फोटोत काय निघालं?"

"कसला फोटो?"

त्याचा घास हातातच राहिला. "अरे, माझा तर पहिल्याच दिवशी काढला."

त्यानंतर आणखी एक हिवाळा गेला. रविवारी चर्चच्या दारावर लोकांना जागा दाखवणारे आम्ही सेवेकरी एक हात कमरेमागे दुमडून उभे राहतो, तुला ठाऊकच आहे. त्या हातानं मी कळ दाबून धरायचो. कुणाला कळलं नाही. पण एकदा चर्चच्या अंगणात मासे तळत होते, मी एका हातात ताटली घेऊन उभा होतो आणि दुसरा हात मागेच.

"अ‍ॅमॉस," मदर ल्युटिशा म्हणाल्या, "इथं कुठल्या दारावर उभा आहेस रे?"

पुढच्या वेळी त्या मोठी हॅट घालून माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरनं विचारलं, "कसं वाटतंय?" मी तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "त्याला विचारू नका. मरतानाही तो देवाची कृपाच म्हणेल. बूट त्याचे चकचकीत आहेत, ते दिसतंय मला. आतला पाय बघा."

त्या दिवशी डॉक्टरनं प्रथमच माझे बूट काढायला लावले. डाव्या पायाचा पंजा वर उचला म्हणाला. पंजा उठला नाही. त्याच आठवड्यात मला ऑपरेशनसाठी बर्मिंगहॅमच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

दुखणं गेलंय, व्हर्नी! रात्रभर उताणा झोपतो, अंघोळ करताना गातो. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं, की शीर फार काळ चेपली होती. मित्राबरोबरच पाठवलं असतं, तर पायही वाचला असता. आता पंजा उठणार नाही. हेच तुला सांगायचं टाळत होतो. राग आला. रोज प्रार्थना करतो, पण सगळा गेला नाही. देवाला ते माहीत आहे.

परवा ईस्टरला सेवेकऱ्यांची रांग नाचत आत जायची होती. मी मागे राहतो म्हणालो. "पुढे हो," मदर ल्युटिशा म्हणाल्या. निघालो. डावा पाय ठेक्याच्या जरा मागून पडायचा. मागच्यांनी तीच चाल धरली. ढोलवाल्यानं बघितलं आणि ठेका माझ्या पायावर आणला. सगळं चर्च उठून टाळ्या वाजवू लागलं! वेड बायकोला घेऊन आला होता. त्याच्या टाळ्या तेवढ्या भलतीकडेच पडत होत्या, पण सगळ्यांत मोठ्या.

तेव्हा हो, मीच नेणार तुला. ऑर्गन वाजवणाऱ्याला सांग, सावकाश. तू माझ्या डाव्या बाजूला ये आणि माझ्या चालीनं चाल. घाई असेल नवरदेवाला, थांबेल तो.

दोन्ही हात मोकळे असलेला,
तुझा भाऊ
अ‍ॅमॉस