मस्टरवरची सून

मावशी, तुम्ही हयात असताना या हाकेनं तुम्हाला कधी बोलावलं नाही. आमच्या रानात खुरपायला यायचात तेव्हा माझ्याहून दुप्पट वयाच्या तुम्हाला मी नावानंच, अगं-तुगं करत हाक मारायची, आणि तुम्ही मला मालकीणबाई म्हणायचात. त्यात काही चुकतंय हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात मालकीणबाईंची मिजास पार उतरली. विहिरीचा तळ उघडा पडला, जनावरं बाजारात गेली, आणि बेंबळीकडच्या रस्त्यावर सरकारी दुष्काळी कामाची खडी फोडायला जाण्यावाचून इलाज उरला नाही. तुमच्या घरी त्याला काम म्हणत होते, आमच्या घरी अब्रू गेली म्हणत होते. सासूबाईंनी बजावलं होतं, घराण्याचं नाव हजेरीच्या मस्टरवर चढता कामा नये. मी पदर नाकापर्यंत ओढून तुमच्या मागं उभी. कारकुनानं नाव विचारलं तशी मी आणखी तुमच्याआड सरकले. तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "माझी सून हाय. माझ्याच आडनावात लिव्हा." सुटले बाई, असं झालं मला. तुमचं आडनाव म्हणजे तोंडावर ओढायचा आणखी एक पदर, एवढंच मी समजले.

हातोडी कशी धरायची ते तुम्ही शिकवलंत, अंगठ्याला चिंधी बांधून दिलीत, चुकलं की खेकसलातही. "पोरी, दगडाची शीर बघ आदी, मग हाण." चार दिवस तुम्ही मला पोरी म्हणालात. सासरी तसं मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगते, लई बरं वाटायचं.

पाण्याचं मात्र निराळं होतं. झाडाखाली टँकरच्या पाण्यानं भरलेला रांजण असायचा. पाणी देणारा गडी बाकीच्या बायकांच्या हातात तांब्या द्यायचा. तुमच्या वस्तीतल्या बायकांनी खाली बसून ओंजळ धरायची आणि तो वरून धार सोडणार. तुमच्या घरात बुद्धाची तसबीर लागून पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण त्याच्या लेखी काही बदललेलं नव्हतं. मस्टरवर मी तुमची सून, म्हणून मीही बसते. निम्मं पाणी कोपरावरून ओघळून मातीत जातं, अर्ध्या तहानेनं उठावं लागतं. आमच्या विहिरीवर सासूबाई तुम्हाला अशीच धार सोडायच्या. मीही सोडली होती. माझं कोपर भिजलं तेव्हा कुठं ते डोक्यात शिरलं.

पाचव्या दिवशी माझा तोल सुटला. पदर मागं टाकून मी त्या गड्याला ठणकावलं, मी कुणाची सून आहे ते. वर म्हणाले, "मी ह्यांच्यातली न्हाय." सगळी रांग बघत होती. त्यानं जीभ चावली आणि तांब्या भरून दिला. मी घटाघटा प्याले. तुम्ही शेजारीच बसला होतात, ओंजळ तशीच धरून.

दुपारी खडीच्या ढिगाशी, माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, "तुमास्नी नाव सांगितल्यावर तांब्या मिळाला, मालकीणबाई. आमास्नी नाव सांगितल्यामुळंच वंजळ धरावी लागती." आवाजात राग नव्हता. रागावला असतात तर मी भांडले तरी असते. आता लपवायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मस्टरवर माझं नाव दुरुस्त झालं आणि मी आमच्यातल्या बायकांच्या टोळीत जाऊन बसले.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली, बाईची जागा भरायची म्हणून मला संचालक केलं. पहिल्याच सभेत मी दणक्यात बोलले, की दुष्काळात आम्ही सगळ्या जातींच्या बायका एका रांजणाचं पाणी प्यालो, आपला देश असा एक आहे. खोटं काय होतं त्यात? रांजण एकच होता. तुम्ही दाराशी बसला होतात, सगळ्यांबरोबर तुम्हीही टाळ्या वाजवल्यात. मी त्याला माफी समजले. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. माझ्या दारापासून तुमचं दार दोनशे पावलांवर होतं, तेवढंही माझ्यानं चालवलं नाही. लाज वाटते मावशी, लई लाज वाटते.

हा कागद आता कुणाच्या पत्त्यावर टाकायचा? परवा नातीच्या शाळेत दुष्काळाच्या आठवणी सांगायला बोलावलं होतं. या वेळी ओंजळीचं सांगायचंच, असं घरून ठरवून निघाले होते. माईक हातात आला आणि तोंडातून तेच रांजणाचं वाक्य निघालं. मग टाळ्या पडेपर्यंत मी थांबले.