ओढा परत लाल केला

तात्या, आज मी ओढ्यात लाल रंग सोडला. मुद्दाम. तुम्ही असता तर आधी कानाखाली काढली असती आणि मग कुणी बघितलं का ते विचारलं असतं.

एमआयडीसीतल्या तुमच्याच रंगखात्याचं सांडपाणी आता मी बघते. टाकीत लोखंडी प्लेटा उभ्या करून त्यांतून करंट सोडायचा. प्लेटा झिजतात, रंग गोळा होतो, साका तळाला बसतो. नीट चालवलं तर डोळ्यांदेखत पाणी निवळतं. तुम्ही कोपरापर्यंत लाल होऊन घरी यायचात, मोरीशी बसून हातांना लिंबू चोळायचात. आईनं ओढ्याचा विषय काढला की खेकसायचात, "रंगच हाय, इख न्हाय. त्याच्यावरच पोट भरतंय न्हवं?" त्या वाक्याचा मला अजून संताप येतो. कारण तुम्हाला ठाऊक होतं, तात्या. नसतं, तर आपली शेळी ओढ्यावर जाऊ दिली असतीत. तिला तुम्ही दावणीलाच हापशाचं पाणी पाजायचात.

आताचे साहेब तुमच्याहून वरताण. प्रदूषणवाल्यांची तपासणी आली की करंट चालू, त्यांची गाडी गेटबाहेर गेली की वीज वाचवायला बंद. मग टाकीत ब्लीचिंग पावडर ओतायला लावतात. रंग उडतो, घाण आहे तिथंच. वर ग्लास उजेडात धरून मला दाखवतात, किती नितळ म्हणून. कप्पाळ नितळ! तुमच्या वेळी निदान लाल दिसायचं, बायका जनावरं मागं वळवायच्या. काल मी ओढ्याच्या खालच्या अंगाला गेले, तर इंदापूरच्या हद्दीत दिलेली तुमची बहीण तिथं शेळ्या पाजत उभी. मला बघून तोंडभर हसली. "तुज्यामुळं पाणी सुदारलं गं पोरी." मी शेळ्या हाकलायला लागले तर आत्याला काही पटेना. पाण्यात दिसत काहीच नव्हतं, पटणार कसं?

करंट चालू ठेवा म्हणून सकाळी साहेबांना पुन्हा सांगितलं, ते हसले. मग मी रंगखात्यातला लाल रंगाचा डबा उचलला आणि ओढ्याकडं जाणाऱ्या नालीत हातानं खरवडून रिकामा केला. दुपारी गेटवर माणसं जमली, आत्या सगळ्यांच्या पुढं, शेळ्या घरी बांधून आलेली. साहेबांनी स्वतः करंटचं बटण दाबलं. किती दिवस चालू ठेवतील कुणास ठाऊक. माझी नोकरी बहुतेक गेलीच.

हे पाठवायचं तरी कुठं? तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण माझे हात कोपरापर्यंत लाल झालेत, आणि लिंबू केव्हाचं चिरून ठेवलंय. चोळवत नाही.